खांबावर चढण्याआधी वाचायचा कागद

पावसाळ्यात आपल्या वस्त्यांमधून एक दृश्य नेहमी दिसते. रात्री वारा सुटतो, कुठेतरी फांदी पडते आणि लाइट जाते. लोक दारात येऊन आरडाओरडा करू लागतात. त्याच वस्तीतल्या एखाद्या घरात वायरमन भरल्या ताटावरून उठतो, खुंटीवरची पिशवी काढतो आणि बॅटरी घेऊन निघतो. घरातली बाई विचारते, "रेनकोट घेतला का?" हातमोजे घेतले का, असे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आयटीआय करून या कामात शिरले आहेत. काही कायम आहेत, बरेचसे कंत्राटी. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

अपघात फक्त नवख्यालाच होतो असे नाही. पंधरा-वीस वर्षे लाइनवर काढलेल्या माणसाला सगळे पाठ असते. पण वरून साहेबांचा फोन, खालून लोकांचा गोंगाट, अशा घाईत मधली एखादी पायरी गळते. अकरा हजार व्होल्टच्या तारेपुढे गळलेल्या पायरीला माफी नाही. म्हणून कामाच्या जागी कागदावर लिहिलेली यादी हवी.

या यादीत काय असावे? प्रथम परमिट. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून कोणत्या फिडरचे, किती वाजता आणि कोणाच्या नावावर, हे लिहून घ्यायचे. फोनवरच्या 'बंद केलंय, चढा' या शब्दावर चढायचे नाही. मग जागेवर खांबाचा नंबर पाहायचा, कारण एकाच खांबावरून दोन फिडर गेलेले असतात. एबी स्विचचा दांडा खाली ओढला म्हणजे झाले असे नव्हे. मान वर करून तिन्ही पाती सुटलेली दिसली पाहिजेत. एखादे पाते गंजून चिकटून राहते आणि तेवढी एक तार जिवंत असते. हातमोज्याची कड गुंडाळून आत हवा कोंडून दाबायची. सुईएवढे भोक असले तरी हवा निसटते. टेस्टरसुद्धा आधी चालू तारेवर तपासून घ्यायचा, नाहीतर बिघडलेला टेस्टर मेलेली तार आणि जिवंत तार दोन्हींना सारखेच मेलेले ठरवतो.

त्यानंतर डिस्चार्ज रॉड. त्याचा जमिनीकडचा टोक आधी पक्का करायचा, मगच तारेला आकडे लावायचे. काढताना बरोबर उलट: आधी तार, मग जमीन. आणि रॉड कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावायचे, एकाच नाही. सप्लाय फक्त सबस्टेशनकडूनच येतो असे थोडेच आहे?

इथे वाचकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. जयंतीला किंवा लग्नात आपण भाड्याने जनरेटर आणतो आणि चेंजओव्हर स्विच न बसवता सरळ घरच्या वायरिंगला जोडतो. मग आपल्या जनरेटरची वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते, आणि डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून अकरा हजाराची होते. खांबावरच्या माणसाने परमिट घेतलेले असते, स्विच पाडलेला असतो, तरी तार जिवंत होते. चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरचाही तोच धोका. मिरवणुकीच्या वर्गणीतून चेंजओव्हर स्विचचा खर्च जड नाही.

काम संपल्यावरची यादी छोटी असली तरी तितकीच महत्त्वाची. वर गेलेली माणसे मोजून खाली उतरली का? लावलेले रॉड मोजून निघाले का? आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. मित्राने मित्रासाठी केलेला हा एकच उपकार असा आहे की जो करू नये.

यादीला नाके मुरडणारे बरेच आहेत. विमानांच्या बाबतीतही तसेच होते. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले. चालवणारा वैमानिक कसलेला होता, पण शेपटीच्या पंखांचे कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणीची छापील यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली, तेव्हा रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. सर्जन आणि वैमानिक कागद वाचून काम करतात, तेव्हा कोणी त्यांना अडाणी म्हणत नाही. मग वायरमननेच का लाजावे?

आपल्या भिक्खू संघाचेच पाहा. पातिमोक्खाचे २२७ नियम मुखोद्गत असूनही दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी ते मोठ्याने म्हटले जातात, आणि प्रत्येक भागानंतर 'या बाबतीत शुद्ध आहात ना?' असे तीनदा विचारले जाते. पाठ असणे आणि त्या क्षणी ध्यानात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संघाला पुरते ठाऊक होते.

पण यादीचेही ढोंग होते. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून एका दमात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, तर त्या कागदाचा उपयोग अपघातानंतर वरच्यांना हात झटकण्यापुरताच. यादी कामाच्या आधी, खांबाखाली, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने बघून 'हो' म्हणायचे. म्हणजेच कामावर किमान दोघे हवेत. एकट्याला पाठवणाऱ्या कंत्राटदाराला नेमके तेच नको असते. म्हणून 'दुसरा माणूस कोण?' हा यादीतला पहिला प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर नसेल तर चढायचे नाही, असे युनियनने एकमुखाने ठरवावे. एकट्या कंत्राटी पोराने नकार दिला तर त्याची नोकरी जाते, हे आपण जाणतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. देशाच्या वीजनियोजनासाठी १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्याच काळात स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरमध्ये, ते धनबादकडच्या कोळशाच्या खाणींत उतरले होते. कामगार कसा काम करतो हे त्यांनी खाली जाऊन पाहिले, ऑफिसात बसून नव्हे.

घरात शिकणारी मुलगी असेल, तर ही यादी तिच्याकडून मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून घ्यावी. वर प्लॅस्टिक चिकटवावे, पावसात भिजणार नाही. एक पिशवीत, एक खुंटीजवळ भिंतीवर. रात्री फोन आला की रेनकोटाआधी हातमोज्यांचे विचारायचे.