माणसाची किंमत श्रद्धेवर 'अवलंबून' असते का?

गणपतीत नागावला घरी गेलो होतो. आरतीला नेहमीसारखा टाळ वाजवला, पण पूजेला बसायला नको म्हणालो. "मी देव मानत नाही" हे यंदा पहिल्यांदाच तोंडावर बोललो. आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, देवच नाही म्हटलंस, तर माणसाला तरी मान कशाला द्यायचा? मग माणूस आणि वाडीतली पोफळ सारखीच की!"

मी गप्प बसलो, कारण उत्तर तयार नव्हतं. माझी पीएचडी विहिरींच्या खारेपणावर, हा विषय माझा नाही. पण प्रश्न सोडवायची पद्धत तीच, म्हणून इथे लिहितोय.

पहिली पायरी: प्रश्न फोडा. आत्याच्या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत. माणसाला मान द्यावा ही कल्पना आली कुठून? माणसं चांगलं वागतात ती कशाच्या बळावर? आणि एखाद्याला मान मिळायला हवा, तो त्याने काही मानलं म्हणून, की मुळातच? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा मानसशास्त्राचा, तिसरा तत्त्वज्ञानाचा. आत्या तिसरा विचारत होती आणि मी पहिल्याची उत्तरं शोधत होतो.

आता उदाहरण घेऊ, आमच्याच जिल्ह्यातलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली गेली.

हे प्रयोगासारखं बघा. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. गुरंसुद्धा पाणी पीत. बंदी होती ती हिंदूच म्हणवल्या जाणाऱ्या, त्याच देवांना हात जोडणाऱ्या माणसांना. म्हणजे 'श्रद्धा' हा चल धरला तर निरीक्षणं जुळत नाहीत. 'जन्म' धरला की लगेच जुळतात.

पण थांबा, इथे घाई करणारे खूप असतात. यावरून श्रद्धा निरुपयोगी ठरते का? अजिबात नाही. मान मिळायला श्रद्धा पुरेशी नाही, एवढंच ठरतं. ती आवश्यक आहे का, हा प्रश्न वेगळा. 'पुरेसं' आणि 'आवश्यक' यांची गल्लत झाली की व्हायवात पकडले गेलात म्हणून समजा.

आवश्यक आहे का, हे बघायला त्याच वर्षीच्या डिसेंबरात जाऊ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. सगळी माणसं जन्मतः समान आहेत आणि मरेपर्यंत समानच राहतात, असंही परिषदेने जाहीर केलं.  म्हणजे ग्रंथ माणसाच्या कसोटीवर लावला गेला. माणसाची किंमत ग्रंथातूनच येत असती, तर ग्रंथाने नाकारलेल्याला 'हा अन्याय आहे' असं म्हणताच आलं नसतं.

यावर आक्षेप येईल: त्याच धर्मात संतही होते, त्यांचा आधार घेता आला असता. बरोबर. पण स्मृती बाजूला ठेवायची आणि संत धरायचे, ही निवड कशाच्या जोरावर करायची? तिथे माणसाचा मान आधीच गृहीत असतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना धर्म नकोच होता असं नाही. माणसाला मान देणारा धर्म त्यांनी निवडला.

तळ्याचा खटला १९३७ मध्ये उच्च न्यायालयात संपला, निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण न्यायालयाने ठरवलं ते एवढंच: बंदीची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. माणसाच्या मानाचा प्रश्न तिथे सुटला नाही, कारण तो विचारलाच गेला नव्हता. पुढे संविधानाच्या उद्देशिकेत श्रद्धेचं स्वातंत्र्यही आलं आणि व्यक्तीची प्रतिष्ठाही आली. दुसरी पहिल्यावर अवलंबून ठेवलेली नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'अवलंबून' हा शब्द आला की तीन गोष्टी विचारा: उगम म्हणायचंय, प्रेरणा म्हणायचीय, की समर्थन?

आत्याला दिवाळीत सांगणार आहे. तिची श्रद्धा तिला चांगलं वागायचं बळ देते, हे मी लहानपणापासून बघतोय आणि ते नाकारायचं कारण नाही. पण वाडीत नारळ उतरवायला आलेल्याला ती घरच्याच तांब्यातून पाणी देते. तो कुठला देव मानतो, मानतो की नाही, हे तिने पाणी देण्याआधी विचारलेलं मला एकदाही आठवत नाही.