मोबाईल ॲप शिकणाऱ्या नवशिक्यांचा सराव

आपल्या व्यापारी कुटुंबांतील अनेक तरुण आज मोबाईलची ॲप रचण्याची विद्या शिकू इच्छितात. ही विद्या केवळ वाचनाने येत नाही. रोजमेळाप्रमाणे ती हाताखालून जावी लागते. अँड्रॉइड फोनसाठी ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे साधन विनामूल्य मिळते. त्यातील कामासाठी गूगलने २०१९ पासून कोटलिन या भाषेस अग्रक्रम दिला आहे.

नवशिक्याने प्रथम एकच लहान काम घ्यावे. पोत्यांची संख्या, एका पोत्याचे वजन व क्विंटलचा भाव भरताच रक्कम दाखविणारे ॲप रचावे. उत्तर आधी कागदावर काढावे : ५० किलोची १२ पोती म्हणजे ६ क्विंटल, ३,००० रुपये भावाने १८,००० रुपये. ॲपचे उत्तर त्याशी ताडावे. मग रकाना रिकामा ठेवून व अंकाऐवजी अक्षर भरून पाहावे. ॲप बंद पडल्यास कारण शोधावे. खरा सराव येथेच घडतो.

आणखी एक दक्षता अवश्य घ्यावी. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो. त्यामुळे त्यात ०.१ व ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही. यास्तव रकमा पूर्ण पैशांत मोजाव्यात. हिशेबातील एका पैशाची चूकही गिऱ्हाइकाचा विश्वास ढळविते, आणि यंत्राची चूक अखेर दुकानदाराच्याच नावे पडते.