लिलावातील नाणे : फोटोत काय नाही ते पाहा

पूर्वी जुने नाणे सराफाच्या पेढीवर हातात घेऊन, वाजवून, तोलून घेतले जाई. आता इंटरनेटवरील लिलावात बोली लावणाऱ्यापुढे फक्त फोटो असतो. तो अनेकदा खऱ्याच नाण्याचा असतो. पण गिऱ्हाइकाने जे पाहायला हवे तेवढेच नेमके त्यात नसते.

प्रथम कड पाहावी. ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के असे. १९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली, वजन मात्र तेच राहिले. म्हणून विक्रेत्याने नाणे काट्यावर ठेवून फोटो काढला, तरी चांदीचा निकाल लागत नाही. १९४० नंतरच्या रुपयाच्या कडेला दात्यांसोबत खाचही असते. ओतीव नकली नाण्याचा सांधासुद्धा कडेलाच सापडतो. दोन्ही बाजूंचे झकास फोटो आहेत आणि कडेचा एकही नाही, असे दिसले तर तो मागून घ्यावा.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, १९३८ चा सहज मिळणारा. शेवटच्या एका आकड्यावर किंमत किती पटींनी बदलते, हे कारागिराला सांगायला नको. सालाचा भाग जवळून घेतलेला फोटो हवाच. आकड्याभोवतीचा पत्रा खरवडल्यासारखा दिसला तर बोली लावू नये.

दागिन्यांची कामे करणाऱ्या बांधवांना आणखी एक गोष्ट लगेच कळेल. माळेसाठी रुपयाला कडी झाळून जोडत. कडी काढली, घासले, तरी झाळकामाची खूण राहते. फोटोत नेमक्या त्याच जागी विक्रेत्याचा अंगठा असतो किंवा प्लास्टिकच्या डबीची कड! वरून मारलेल्या झगझगीत उजेडातही ओरखडे व पॉलिशच्या बारीक रेघा बुजून जातात. तिरप्या उजेडातला फोटो मागावा.

मोगल रुपयाची गोष्ट वेगळी. तो ठशावर हातोडा मारून पाडलेला, त्यामुळे एकासारखा दुसरा नसतो. अगदी तोच फोटो दोन विक्रेत्यांकडे दिसला, तर निदान एकाकडे ते नाणे नाही. मोबाइलवर फोटोवरून फोटो शोधता येतो, तेवढे करावे. उर्दू वाचणाऱ्यांनी मजकूर स्वतः वाचावा. औरंगजेबाने नाण्यांवर कलमा घालणे बंद केले होते. त्याच्या नावाचा रुपया म्हणून कलमा असलेले नाणे कोणी दाखवले, तर ते पवित्र समजून हुरळून जाऊ नये.

विकणाऱ्या बांधवांनाही हे लागू आहे. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) ते वर ठेवायला सांगितले होते. डाग, खूण, पॉलिश यांचा फोटो आधी टाकावा. हनफी फिकहप्रमाणे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच तसा इशारा दिला आहे. बोलीपूर्वी विक्रेत्याकडून नाण्याशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो घ्यावा, परतीची अट लेखी घ्यावी आणि नाणे हाती येऊन तपासून होईपर्यंत जाहिरातीतले सारे फोटो जपून ठेवावेत.