सिद्धगडाची पहाट आणि गावाची कोठी

डिसेंबर सरत आला, की कर्जत-मुरबाड पट्ट्यातली भाताची झोडणी उरकलेली असते. खळी मोकळी होतात. रिकाम्या झालेल्या भातखाचरात जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल उभा राहतो. वर्षभराच्या कष्टाचे दाणे घरात आलेले असतात आणि माणसाला जरा उसंत मिळालेली असते. याच दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या रात्री, या भागातली माणसं सिद्धगडाच्या दिशेनं निघतात. दोन जानेवारीची पहाट गडाच्या पायथ्याच्या रानात, हुतात्मा स्मारकापाशी गाठायची, असा या भागाचा अनेक वर्षांचा रिवाज आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे याच रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता धरला, की वाटेत कशेळे लागतं. भोवतालच्या वाड्या-पाड्यांचं हे बाजाराचं गाव. इथून एक रस्ता नेरळकडे जातो, एक आंबिवलीकडे, जिथून पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड चढतात, आणि एक खांडसकडे, भीमाशंकरच्या पायवाटेला. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत. तिच्या पायाशी ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती, आणि सपाटीला आगरी, कुणबी, मराठा शेतकऱ्यांची गावं. मुरबाडच्याच रस्त्यानं पुढं गेलं, की म्हसा लागतं. पौष पौर्णिमेला भरणारी तिथली बैलांची आणि घोंगड्यांची जत्रा सगळ्यांना माहीत असते. तिथून सिद्धगडाचा डोंगर फार लांब नाही. कर्जत आज रायगड जिल्ह्यात आहे, त्या काळी त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. सिद्धगड मात्र ठाणे जिल्ह्यात. सरकारी कागदावरची ही हद्द डोंगरातल्या माणसांनी कधी मनावर घेतली नाही. सोयरीक, बाजार, जत्रा सगळं दोन्हीकडं मिळूनच चालत आलं आहे.

आता त्या माणसांविषयी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक समाजातल्या एका साध्या घरात झाला. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. हिराजी गोमाजी पाटील याच कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत भाईंच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे अकरा मनोरे पाडले, हे शाळेतल्या मुलांनाही सांगितलं जातं. पण मनोरेच का, आणि नेमके इथलेच का, हे क्वचित सांगितलं जातं.

त्याचं उत्तर या डोंगरातच आहे. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी धरणांत साठवायचं, मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणाच्या बाजूला सोडायचं आणि त्या जोरावर पाती फिरवून वीज करायची, असं टाटांच्या वीजघरांचं तंत्र. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, कर्जतजवळच्या भिवपुरीचं १९२२ साली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. विजेच्या तारा मात्र उंच लोखंडी मनोऱ्यांवरून या शेतां-रानांतून जात. ज्यांच्या बांधाला लागून मनोरे उभे होते, त्यांच्या झोपडीत संध्याकाळी रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले आणि पुढं काय करायचं हे ज्यानं त्यानं आपल्या मुलखात ठरवायचं, अशी वेळ आली. तेव्हा कर्जतच्या तरुणांनी युद्धकाळातल्या सरकारची ही नस नेमकी ओळखली. मनोरा पडला, की गिरणीचं चक्र थांबे. या तीन महिन्यांत मुंबईचे कारखाने आणि रेल्वे यांना त्याचा फटका बसला.

इथवरची गोष्ट शौर्याची आहे आणि ती दरवर्षी सांगितली जाते. पण मला आज वेगळ्याच गोष्टीकडं लक्ष वेधायचं आहे. हा दस्ता एका रात्रीत उभा राहिला नव्हता.

चळवळीच्या कितीतरी आधी भाईंनी या भागात दोन कामं केली. एक, खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा काढल्या. दोन, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. दस्त्यात पुढं जी सुमारे पन्नास माणसं आली, त्यांत शेतकरी होते तसे या शाळांतले शिक्षकही होते. म्हणजे ज्या हातांनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तेच हात पुढं मनोऱ्यापर्यंत पोचले. फरारी माणसाला रानात महिनोन् महिने भाकरी कोण देतं? कोण त्याला आसरा देतं? ज्याच्या पोराला त्यानं अक्षरओळख करून दिली आणि ज्याच्या घरात आषाढात दाणा नव्हता तेव्हा त्यानं कोठीचा दरवाजा उघडला, तोच देतो. शाळा आणि कोठी या दोन पायांवर दस्ता उभा होता.

धान्यकोठी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडं सविस्तर सांगायला हवं. या पट्ट्यात मुख्य पीक एकच, पावसाळी भात. कोरडवाहू, तुकड्यातली शेती. दिवाळीनंतर घरात आलेले दाणे होळीपर्यंत पुरतात, फार तर त्यापुढं थोडे दिवस. पावसाळा सुरू झाला, की लावणीचं सगळ्यांत जड काम पुढं असतं आणि नेमकं तेव्हाच घरातलं मडकं रिकामं होतं. मग सावकाराच्या दारात जायचं. मणभर भात उचलायचं आणि सुगीला दीड मण, कधी दोन मण परत करायचं. यालाच दिढी-दुपटी म्हणत. एकदा या चक्रात माणूस सापडला, की खळ्यावरचं धान्य घरी येण्याआधीच दुसऱ्याचं झालेलं असे. पुढल्या वर्षी तो आणखी लवकर सावकाराच्या दारात उभा राही, आणि शेवटी जमीनच जाई.

कोठीचा उपाय अगदी साधा. सुगीत, दाणे घरात असताना, प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे थोडं धान्य गावाच्या एका कोठीत टाकायचं. पावसाळ्यात ज्याला नड असेल त्यानं तिथून उचलायचं. पीक आलं, की घेतलेलं परत करायचं आणि वर थोडं जास्त घालायचं. हे वरचं धान्य सावकाराच्या घरी जात नाही, गावाच्याच कोठीत राहतं. उंदीर-घुशीची तूट त्यातून भरते आणि दरवर्षी कोठी थोडी वाढते. हिशेब सगळ्यांसमोर, किल्ली गावानं नेमलेल्या माणसाकडे. यात फार मोठं भांडवल लागत नाही. लागतो तो एकमेकांवरचा विश्वास, आणि तो दरवर्षी नव्यानं कमवावा लागतो.

ही कल्पना भाईंबरोबर संपली नाही, हे विशेष. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी कशेळे इथं काम करणाऱ्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आदिवासी वाड्यांमध्ये धान्यकोठीचीच योजना राबवली. याच संस्थेनं भाताची जुनी स्थानिक वाणं जपण्याचं आणि वनौषधींचंही काम केलं. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, रस्ते आले, मनोऱ्यांची वीज गावातही आली. पण आषाढातलं रिकामं मडकं तसंच होतं, म्हणून उपायही तोच करावा लागला. भाईंना प्रश्न नेमका कुठं दुखतो ते समजलं होतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता पुन्हा दोन जानेवारीकडं येऊ. असे स्मरणाचे दिवस आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्याच रायगडात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तिथंही दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९८०च्या दशकात राज्य सरकारनं गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली. त्यांतली काही आज नांदती आहेत, तिथं वाचनालय चालतं, मुलं अभ्यासाला बसतात. काहींची कवाडं वर्षातून एकदाच उघडतात. इमारत तीच, पैसा तोच, मग फरक कशानं पडतो?

याचं उत्तर शोधताना एक दूरचं उदाहरण आठवतं. भाई ज्या साम्राज्याशी लढले, त्याच साम्राज्याच्या बेटावरचं ते आहे, पण चांगली रीत कुठलीही असो, ती पाहावी. स्कॉटलंडची माणसं पोटापाण्यासाठी जगभर पांगली. जिथं गेली तिथं त्यांनी आपली मंडळं काढली. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात १७२९ साली सेंट अँड्र्यू यांच्या नावानं असंच मंडळ निघालं. वर्षाकाठी एक सण, एक जेवण हे तर होतंच. पण मंडळ काढण्यामागचा मूळ हेतू होता अडल्यानडल्याला मदत करण्याचा. त्यांचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म २५ जानेवारी १७५९चा. तो १७९६ साली गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ साली, त्याचे नऊ स्नेही त्याच्या जन्मघरी जेवायला जमले. नऊ माणसांच्या त्या पंगतीतून जगभर साजरी होणारी बर्न्सची रात्र उभी राहिली. या दोन्ही गोष्टींत एक धागा समान आहे. आठवण कुणा एका पुढाऱ्याच्या भाषणावर सोपवलेली नाही. तिला काही काम जोडलेलं आहे. कुणी रांधायचं, कुणी वाचायचं, कुणी मदतीची पेटी सांभाळायची. ज्याला काम असतं तो पुढच्या वर्षी परत येतो, आणि येताना मुलाला घेऊन येतो.

सिद्धगडाच्या वाटेलाही हा गुण आहे. तिथं जायला चालावं लागतं, थंडीत रात्र काढावी लागते, पहाटेची वाट पाहावी लागते. पायांना कष्ट पडले, की डोक्यात गोष्ट राहते. माथेरान, नेरळ, कर्जत, मुरबाड अशा वेगवेगळ्या गावांची माणसं एका ठिकाणी भेटतात, ही काही लहान गोष्ट नाही. स्मारकाची देखभाल करणारे, वाटेवर चहा-पाण्याची सोय करणारे, मुलांना घेऊन येणारे शिक्षक यांच्यामुळेच हा दिवस टिकला आहे.

तरीही काळजी वाटावी अशी वेळ आली आहे. १९४२ पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली. पुढल्या पिढीकडं उरतात ते फोटो, हार आणि रस्त्यावरचे फलक. भाईंच्या जीवनावर २०२० साली चित्रपटही आला. पण पडद्यावर मनोरा पडताना जितका उठून दिसतो, तितकी कोठी भरताना दिसत नाही. दुसरीकडं कशेळ्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत जमिनीचे भाव चढले. भातखाचराच्या जागी शेतघरं उभी राहिली, आणि ज्यांची जमीन होती त्यांच्यातले काही तिथंच राखणीला राहिले. सावकाराची दिढी गेली, पण नडीच्या वेळी जमीन हातची जाण्याचं चक्र थांबलं, असं म्हणता येत नाही. अशा वेळी हुतात्म्याला नुसता हार घालणं सोपं असतं. त्यानं विचारलेला प्रश्न विचारणं अवघड असतं.

म्हणून या दिवसाला दोन-तीन साधी कामं जोडावीत असं वाटतं. सिद्धगडाकडं निघणाऱ्या प्रत्येक घरानं पायलीभर तांदूळ बरोबर घ्यावा आणि तो वाटेवरच्या एखाद्या वाडीच्या कोठीत टाकावा. सुगी नुकतीच झालेली असते, तेव्हा ते कुणाला जड नाही. कशेळे, नेरळ, कर्जतच्या शाळांतल्या मुलांनी सुट्टीत आपल्या आजी-आजोबांकडे बसून विचारावं, की आपल्या गावात भाईंची शाळा भरत होती का, कोणाच्या ओटीवर भरत होती, कोणी शिकवलं, कोणी फरारी माणसांना भाकरी पोचवली. आजी-आजोबांनी ते स्वतः पाहिलं नसलं, तरी आई-बापांच्या तोंडून ऐकलेलं असतं. ते आत्ता लिहून घेतलं नाही, तर कायमचं जाईल. दस्त्यातल्या दोघांची नावं आपल्याला पाठ आहेत. भाकरी देणाऱ्या बायांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

भाई कोतवाल गेले तेव्हा तीस वर्षांचे होते. तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मनोरे पाडण्याचं काम तीन महिने केलं. शाळा आणि कोठ्या उभ्या करण्याचं काम त्याआधी कितीतरी काळ चाललं होतं. स्मरणाच्या दिवशी आपण आठवण कशाची काढतो, यावर आपण काय पुढं नेणार हे ठरतं. पहाटेची मानवंदना हवीच. पण ती देऊन डोंगर उतरल्यावर, खाली जी वाडी लागते तिच्या कोठीत आषाढासाठी दाणे आहेत ना, एवढं पाहून मग घरी जावं.