तीन पुरे कोठे आहेत?

शिवाने तीन पुरे जाळली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तामिळ सिद्ध तिरुमूलर यांनी ‘तिरुमंदिरम्’ या ३००० हून अधिक पद्यांच्या ग्रंथात तिचा निराळाच उलगडा केला आहे. खरीखुरी नगरे जळाली असे सांगणाऱ्यांना ते मूढ म्हणतात! पुरे म्हणजे आणव, कर्म आणि माया हे जीवाला चिकटलेले तीन मल. तिरुक्कडवूरला शिवाने यमाला पाडले. तेथेही त्यांना मूलाधारातून वर चढणाऱ्या प्राणाचा योग दिसतो. रणभूमी ती देहातच.

आणव म्हणजे मीपणा. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे पुर चांगले ओळखीचे. मालकाशी लढताना हजार हात सोबतीला येतात. पुढाऱ्याच्या मनातला ‘मी’ मात्र ज्याचा त्यालाच जाळावा लागतो.