राष्ट्रीय लसजन्य इजा भरपाई कार्यक्रम (अमेरिका)

राष्ट्रीय लसजन्य इजा भरपाई कार्यक्रम ही लसीमुळे इजा झाल्याचा दावा करणाऱ्यांना नुकसानभरपाई देण्यासाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने उभारलेली व्यवस्था आहे. १९८६ च्या राष्ट्रीय बालक लसजन्य इजा कायद्यान्वये ती निर्माण झाली व १ ऑक्टोबर १९८८ पासून अमलात आली. दाव्यांची सुनावणी संघीय दावे न्यायालयाचे विशेष न्यायाधिकारी ज्यूरीविना करतात. या यंत्रणेला 'लस न्यायालय' असेही म्हटले जाते.

पार्श्वभूमी

घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते, असा समज १९७० च्या दशकाच्या अखेरीस पसरला. १९८२ मधील एका दूरचित्रवाणी माहितीपटाने त्यास बळ दिले. उत्पादकांवर खटले वाढले, लसीची किंमत चढली आणि काही कंपन्यांनी उत्पादनच थांबविले. लसटंचाईच्या या भीतीतून कायदा आला. त्यानुसार पालकांनी उत्पादकावर थेट खटला भरण्यापूर्वी या कार्यक्रमाकडे दावा करणे बंधनकारक झाले. त्या बदल्यात उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट उरली नाही.

कार्यपद्धती

दाव्यातील प्रतिवादी कंपनी नसून अमेरिकेचे आरोग्य व मानवी सेवा सचिव असतात. भरपाईचा निधी लसीवरील अबकारी करातून येतो. प्रत्येक मात्रेमागे, ती जितक्या रोगांना प्रतिबंध करते तितके ७५ सेंट आकारले जातात; म्हणून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीवर २.२५ डॉलर कर पडतो.

सरकारी 'इजा तक्त्या'त लस, तीमुळे होऊ शकणारी इजा आणि लक्षणे दिसण्याचा कालावधी नोंदलेला असतो. उदाहरणार्थ, धनुर्वाताच्या लसीनंतर चार तासांच्या आत उद्भवलेली तीव्र ॲलर्जी. दावा तक्त्यात बसल्यास इजा लसीमुळेच झाली असे गृहीत धरतात आणि अन्य कारण दाखविण्याचा भार सरकारवर येतो. तो न बसल्यास कार्यकारणभाव दावेदारालाच सिद्ध करावा लागतो, आणि बहुतेक वाद येथेच उद्भवतात. १९९५ मध्ये त्रिगुणी लसीपुढील झटक्यांच्या विकाराची नोंद तक्त्यातून वगळण्यात आली, तेव्हा अनेक कुटुंबांची वाट बिकट झाली. मात्र विज्ञानही पुढे सरकत होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लसीमुळे मेंदूविकार झाल्याचे मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी ११ जणांत अपस्माराशी संबंधित जनुकीय दोष आढळला.

पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. लहान मुलाचा विकास खुंटल्याचे पालकांच्या ध्यानी येईपर्यंत ही मुदत सरण्याचा धोका असतो. दावा सद्भावनेने व वाजवी आधारावर केलेला असल्यास तो फेटाळला गेला तरी वकिलाचे शुल्क निधीतून मिळू शकते.

महत्त्वाचे निवाडे

लसींमुळे स्वमग्नता होते, असे सांगणारे ५,००० हून अधिक दावे दाखल झाले होते. त्यांतून निवडलेली सहाही नमुना प्रकरणे २००९ व २०१० मध्ये फेटाळण्यात आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला, की लसीच्या रचनेत दोष असल्याच्या कारणावरून उत्पादकावर खटला भरता येत नाही.

भरपाईचा अर्थ

भरपाई मिळाली म्हणजे लस दोषी ठरली, असा निष्कर्ष वारंवार काढला जातो; तो चुकीचा आहे. भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी सुमारे ६० टक्के तडजोडीने निकाली निघतात व त्यांत लस हेच कारण असल्याचे आरोग्य विभागाने मान्य केलेले नसते.

कायद्याच्या नावात बालक असले, तरी आता प्रौढांचे दावे मोठ्या संख्येने येतात. टोचताना खांद्याला होणारी इजा २०१७ मध्ये तक्त्यात समाविष्ट झाली; असे दावे विशेषतः इन्फ्लुएन्झा लसीसंबंधी असतात. मृत्यूबद्दलची भरपाई २,५०,००० डॉलर असून वेदना व मनस्ताप यांसाठीही तीच कमाल मर्यादा आहे. हे आकडे १९८६ च्या मूळ कायद्यातील आहेत. विशेष न्यायाधिकाऱ्याने २४० दिवसांत निर्णय द्यावा असे तोच कायदा सांगतो. प्रत्यक्षात वादग्रस्त प्रकरणे कित्येक वर्षे रेंगाळतात.