हिऱ्याचे वजन आणि हिऱ्याचे तेज

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात दिवाळीच्या तोंडावर हिऱ्याची अंगठी घ्यावयास येणारे गिऱ्हाईक पहिला प्रश्न बहुधा वजनाचाच करते. आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचा हिशेब तोळ्यामाशांत ठेवला, त्याने हिऱ्यालाही त्याच काट्यावर जोखावे यात नवल ते कसले? परंतु सोन्याचा तोळा कोणत्याही घाटाचा केला तरी तोळाच राहतो. हिऱ्याचा कॅरट मात्र, म्हणजे २०० मिलिग्रॅमचा तो चिमुकला ऐवज, कारागिराने कोठे राखला आणि कोठे घासून टाकला, यावरच खड्याचे सारे भाग्य अवलंबून असते.

हिरा हा विदर्भाला परका जिन्नस नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या उत्पत्तिस्थानांमध्ये वेणातटाचा उल्लेख आहे आणि ते स्थान वैनगंगेच्या खोऱ्यात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीत वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे, आणि ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात आपला जीर्ण किल्ला सांभाळून आहे. त्या काळच्या हिंदी कारागिराचा दंडक मात्र एकच असे: निसर्गाने दिलेले वजन होता होईल तो जाऊ द्यावयाचे नाही. त्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. दरबारात नजराणा म्हणून जाणाऱ्या रत्नाची प्रतिष्ठा आकारमानावर ठरत होती आणि तो आपल्या धन्याची मर्जी राखीत होता.

या दंडकाची पुढे काय गत झाली, हे नाशिकच्या हिऱ्याइतके दुसऱ्या कोणत्याही मराठी रत्नाने स्पष्ट दाखविले नसेल. त्र्यंबकेश्वराच्या देवालयाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो हा हिरा १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीत पोहोचला. पेढीच्या कारागिरांनी मूळची बाह्याकृती सांभाळीत, जुन्या मापाने सुमारे ९० कॅरटांचा तो खडा ७८ कॅरटांच्या किंचित वर आणून ठेवला. आजच्या मेट्रिक मापाने ते वजन ८०.५९ कॅरट भरते. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तोच हिरा पुन्हा सहाणेवर चढविला आणि ४३.३८ कॅरटांवर आणला, म्हणजे जवळजवळ निम्मे वजन धूळ म्हणून उडू दिले. एक कसलेला व्यापारी इतके वजन राजीखुशीने सोडतो, ते त्यास तेजाचा भाव ठाऊक असतो म्हणूनच.

हे तेज येते कोठून? हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका मोठा असल्यामुळे आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर, लंबाशी सुमारे साडेचोवीस अंशांहून अधिक कोन करून आदळला, की बाहेर न निसटता पूर्णपणे परावर्तित होतो, समोरच्या पैलूवर पुन्हा उलटतो आणि माथ्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. हिरेघडाईच्या धंद्यातील घराण्यात जन्मलेल्या मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने १९१९ साली याचे गणित मांडले: टेबल, म्हणजे माथ्याचा सपाट पैलू, व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा, म्हणजे वरच्या भागाचा, कोन साडेचौतीस अंश आणि खालच्या पॅव्हिलियनचा पावणेएकेचाळीस. आज या आकड्यांच्या आसपासची बरीच प्रमाणे उत्तम गणली जातात. पण पॅव्हिलियन फार खोल गेले की खड्याचे मध्य काळवंडते, आणि फार उथळ राहिले की कमरेचे, म्हणजे गर्डलचे, प्रतिबिंब टेबलाखाली करड्या कड्यासारखे उमटून हिरा माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज दिसतो.

लबाडी शिरते ती येथेच. पूर्ण एक कॅरट भरताच दर कॅरटामागे उडी घेतो. सबब घडविणारा जाड गर्डल आणि खोल बूड ठेवून वजन ओढूनताणून एकावर नेतो. नीट घडलेल्या एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर असतो. तोच व्यास ६ मिलिमीटर निघाला, तर आपण दाम एक कॅरटचे मोजतो आणि बोटावर मिरवितो तो सुमारे ०.८० कॅरटचा दिसणारा खडा. उरलेले वजन कोंदणात दडलेले असते, आणि तेथे ते कोणाच्या उपयोगाचे?

दुकानातील प्रखर दिव्यांखाली सुमार हिराही लखलखतो, म्हणून तो मागून घेऊन दाराशी किंवा साध्या ट्यूबच्या उजेडात न्यावा, स्वच्छ पुसावा (हिऱ्यावर बोटांचा तेलकटपणा फार लवकर बसतो) आणि सावकाश हलवून पाहावा. चमक मध्यापासून काठापर्यंत पसरते, की मध्यावर काळोख ठाण मांडून बसतो, हे सामान्य नजरेलाही कळते. शेजारी त्याच वजनाचा दुसरा खडा ठेवला तर उत्तमच.

प्रमाणपत्राचा मामला थोडा निराळा. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने २००६ पासून कटला, म्हणजे घडणीला, ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशा पाच श्रेणी दिल्या, परंतु त्या गोल ब्रिलियंटसाठी. लंबगोल, थेंबाच्या वा बदामाच्या आकाराच्या हिऱ्याच्या दाखल्यावर पॉलिश आणि सिमेट्री यांपुढे ‘एक्सलंट’ लिहिलेले आढळले, तर तो कटचा निवाडा समजू नये. पॉलिश म्हणजे पृष्ठभागाची सफाई आणि सिमेट्री म्हणजे पैलूंचा मेळ, प्रकाश परत येतो की नाही हे त्यांत सांगितलेले नसते. तेव्हा वाचकांनी पावती करण्यापूर्वी दाखल्यावरील मिलिमीटरची मापे सराफाकडून वाचून घ्यावीत, आणि वजनाचा प्रश्न त्यानंतर करावा.